रात्रीची जाग, दुपारची पेंग : तान्ह्या-रांगत्यांच्या झोपेबद्दल तुमचे प्रश्न

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न तीन वर्षांखालच्या मुलांच्या झोपेचे आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी दीड महिन्याची आहे. दिवसा गाढ झोपते आणि रात्री अकरा ते तीन टक्क जागी. झोपेत कण्हते, हातपाय झाडते, तोंड वेडंवाकडं करते. दचकते म्हणून आम्ही तिला दुपट्यात गुंडाळतो. सासूबाई म्हणतात, हिचं रात्र-दिवस उलटं झालंय. — सातारा

सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ते उलटलेलं नाही, अजून बसलेलंच नाही. दिवस कुठला आणि रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळ साधारण दोन ते तीन महिन्यांत चालू लागतं. तोवर बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण दोन-तीन तासांच्या तुकड्यांत, भुकेच्या हिशोबाने.

हे घड्याळ लावायचं साधन म्हणजे उजेड, आणि नेमका तोच आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत नसतो. वारा लागू नये, नजर लागू नये म्हणून खिडक्या बंद, पडदे ओढलेले, दिवसा दोन वाजता संध्याकाळचे सात वाटावेत असा काळोख. वर रात्री प्रत्येक दुधाला ट्यूबलाइट. बाळाने दिवस तरी कसा ओळखावा? सकाळी उठल्यावर पडदे उघडा, मालीश-अंघोळ उजेडाच्या खोलीत करा, दिवसा ती झोपली म्हणून कुकरच्या शिट्ट्या थांबवू नका. दिवसाची एखादी झोप तीन तासांपुढे गेली तर उठवून पाजा. रात्री मात्र झिरोचा पिवळा दिवा, गप्पा नाहीत, शी झाली नसेल तर लंगोट बदलायची घाई नाही, ढेकर काढून परत खाली. दोन-तीन आठवडे हे नेटाने केलं की रात्रीची लांब झोप पुढे सरकू लागते.

कण्हणं आणि तोंड वेडंवाकडं करणं ही जाग नाही. या वयात निम्मी झोप ही हलती झोप असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, श्वास कमी-जास्त होतो, बाळ हसतं, कुंथतं, हुंदकाही देतं. अशा वेळी आई झटकन उचलते आणि झोपलेलं बाळ खरंच जागं होतं. आवाज आला की मनात साठ आकडे मोजा. डोळे मिटलेले असतील तर हात लावू नका. डोळे उघडून तोंड शोधू लागली तर मात्र भूक आहे.

दचकणं ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि चार ते सहा महिन्यांत ती आपोआप जाते. दुपट्यात गुंडाळायला हरकत नाही, पण पद्धत महत्त्वाची. मलमलचा एकच थर, छातीवर आपली दोन बोटं सहज सरकतील इतपतच घट्ट, आणि कमरेखाली सैल. पाय सरळ ताणून काठीसारखे बांधले तर खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. पाय बेडकासारखे दुमडलेले राहू द्या. कूस बदलायची खटपट दिसली, अगदी तिसऱ्या महिन्यात दिसली तरी, त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

प्रश्न : घरात चार मतं आहेत. मोहरीच्या उशीने डोकं गोल होतं, साडीच्या झोळीत बाळ शांत झोपतं, अंघोळीनंतर धुरी हवीच, आणि डॉक्टर म्हणतात बाळाला आईशेजारी झोपवू नका. वन-बीएचकेमध्ये पाळणा ठेवायचा कुठे? बाळ तीन महिन्यांचं आहे. — सोलापूर

एकेक घेऊ. झोपवायचं पाठीवर, दर वेळी, दुपारच्या झोपेलाही. कुशीवर ठेवलेलं बाळ पालथं पडू शकतं. ‘उताणं झोपलं आणि दूध वर आलं तर घशात अडकेल’ ही भीती सगळ्यांना असते. पण उताण्या बाळात श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच राहतं. पालथं केलं की हा क्रम उलटतो. अमेरिकेत १९९२ साली बालरोगतज्ज्ञांनी पोटावर झोपवू नका असं सांगितलं, १९९४ पासून त्याची मोहीम झाली आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण दशकभरात निम्म्यावर आलं. बाळ स्वतःहून दोन्हीकडे कूस बदलू लागलं की रात्री उठून त्याला परत उताणं करत बसायची गरज नाही.

मोहरीची उशी वर्षभर तरी काढून ठेवा. उशीमुळे हनुवटी छातीकडे झुकते, आणि शिवण उसवली तर मोहरीचे दाणे तोंडा-नाकात जाण्याची भीती वेगळीच. डोकं एका बाजूला चपटं होतं ते सतत एकीकडेच मान वळवल्याने. बाळ उजेडाकडे किंवा आईकडे मान वळवतं, म्हणून एक दिवस डोकं गादीच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला. शिवाय जागं असताना, नजरेसमोर, पालथं घाला. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, पुढे सगळं मिळून अर्धा तास. प्रयत्न करूनही मान एकाच बाजूला राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो.

झोळीत बाळ शांत होतं, हे खरंच आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. कापडाच्या खोलगट घडीत लहान बाळाची मान पुढे दुमडते आणि श्वास अडतो, म्हणून झोळी झोपवण्यापुरती ठेवा, झोप लागली की सपाट गादीवर. झोळीची दोन्ही अंगं आत मिटू नयेत यासाठी वरच्या बाजूला आडवी लाकडी दांडी हवी. दुसरा धोका मोठ्या भावंडांचा. रिकाम्या झोळीला पीळ देऊन गरगर फिरायचा खेळ गळफास ठरलेला आहे. वापर नसेल तेव्हा साडी वर गुंडाळून ठेवा, लोंबती ठेवू नका.

धुरी नको. ओवा असो, धूप असो की लसणीच्या साली, धूर तो धूरच, आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर साठणाऱ्या वायूला वासही नसतो. डासांच्या कॉइललाही हेच लागू. बाळाला छत्रीची मच्छरदाणी घाला, मात्र तिचा काठ बाळाच्या तोंडाला टेकणार नाही इतकी मोठी घ्या.

आता शेजारी झोपण्याबद्दल. आपल्याकडे बाळ आईजवळच झोपतं आणि झोपणार. डॉक्टरांचा आग्रह असा की खोली एक, पण बाळाची जागा वेगळी, निदान पहिले सहा महिने. त्याला पाळणाच लागतो असं नाही. तुमच्या गादीला लागून जमिनीवरच बाळाची वेगळी पातळ, कडक गादी घातली तरी जागा वेगळी झाली आणि पडायची भीतीही संपली. नुकताच कापूस पिंजून भरलेली फुगीर गादी मात्र नको. हाताने दाबून सोडल्यावर खड्डा राहिला तर ती बाळासाठी मऊच आहे. एका गादीवर झोपणारच असाल तर बाळ आईच्या बाहेरच्या बाजूला, आई-बाबांच्या मध्ये नाही, आणि भिंत व गादी यांच्यामध्ये फट नको. जाड गोधडी, ब्लँकेट, उशा बाळापासून लांब. गळ्यातला काळा दोरा, ताईत झोपताना काढा. घरात कोणी दारू प्यायलं असेल, विडी-सिगारेट ओढत असेल, झोपेची गोळी घेतली असेल, किंवा बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं वा अडीच किलोहून कमी वजनाचं असेल तर एक गादी अजिबात नको. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं हे सगळ्यांत धोक्याचं. पाजता पाजता डोळा लागेल असं वाटलं तर सोफ्यापेक्षा गादी पत्करा.

कपड्यांचा नियम सोपा आहे : आपल्या अंगावर जेवढं, त्याहून एक थर जास्त. सोलापूरच्या मे महिन्यात सुती झबलं आणि लंगोट बास. पंखा लावायला हरकत नाही. गरम होतंय का हे हातापायांवरून कळत नाही, मानेच्या मागे हात लावून बघा. झोपताना टोपडं, कुंची काढा. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते.

प्रश्न : बाळ पाच महिन्यांचं. तिसऱ्या महिन्यात सलग पाच तास झोपत होता, आता दर दीड तासाला उठतो आणि अंगावर पाजल्याशिवाय झोपत नाही. तीन आठवड्यांत माझी रजा संपते आहे. दूध पुरत नाही असं सगळे म्हणतात. रडू द्यावं का? — पुणे

प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर रजा २६ आठवडे मिळते, पण त्यातली काही प्रसूतीआधीच गेलेली असते. त्यामुळे कामावर परतायची वेळ नेमकी झोप मोडायच्या वयावर येते. चार महिन्यांच्या आसपास झोपेची घडण बदलते. तोवर डोळा लागला की बाळ हलत्या झोपेत शिरायचं, आता मोठ्यांसारखं हलक्या झोपेतून गाढ झोपेत जातं आणि साधारण तासाभराच्या प्रत्येक फेरीअखेर किंचित वर येतं. आपणही येतो, उशी चाचपतो, कूस बदलतो, सकाळी आठवतही नाही. बाळ वर येतं तेव्हा त्याला झोप लागताना जे होतं ते सापडत नाही. झोपताना तोंडात स्तन होता, आता नाही. मग ते रडतं. पाजलं की दोन मिनिटांत झोपतं, आणि घरच्यांना वाटतं भूकच होती.

भूक आणि सवय वेगळी ओळखता येते. दर दोन-तीन मिनिटांनी थांबत नुसतं चघळत असेल, गिळल्याचा आवाज नसेल, दिवसातून सहा-सात वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. पाच महिन्यांच्या बाळाला रात्रीतून एक-दोनदा खरी भूक लागते, ती मोडायची नाही. मोडायची आहे ती बाकीची चार-पाच वेळची.

तीन आठवडे पुरेसे आहेत, पण आजच सुरुवात करा. ऑफिसच्या पहिल्या आठवड्यात नव्हे, कारण तेव्हा बाळ तुम्हालाही शोधत असेल.

पहिला आठवडा फक्त दिवस लावण्याचा. सकाळी उठायची वेळ एकच, समजा सात, रात्र कशीही गेली तरी. या वयात सलग जागेपण दोन तासांच्या आसपास झेपतं. जांभई, कान ओढणं, नजर शून्यात लागणं दिसलं की झोपवा. डोळे चोळून किरकिर सुरू झाली म्हणजे उशीर झालेला आहे. अतिथकलेलं बाळ लवकर झोपत नाही, उलट जास्त उठतं, आणि ‘दुपारी झोपवू नका म्हणजे रात्री झोपेल’ हा सल्ला म्हणूनच फसतो. दुपारी त्याला कसंही झोपवा, पाजून, झोळीत, कडेवर. एका वेळी एकच लढाई.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा क्रम बदला. आत्ता क्रम असेल अंघोळ, कपडे, दूध, झोप. दूध पुढे घ्या : दूध, ढेकर, ओल्या कापडाने अंग पुसणं, सैल कपडे, दिवा मंद, अंगाई, खाली ठेवणं. सगळं मिळून अर्धा तास, रोज त्याच क्रमाने, त्याच कोपऱ्यात. दूध संपल्यापासून खाली ठेवेपर्यंत वीसेक मिनिटं जायला हवीत. खाली ठेवताना डोळे जड असावेत, पण उघडे. इथेच बहुतेक घरं अडतात. रडेल, तर थोपटा, छातीवर हात ठेवा, गुणगुणा. फारच रडलं तर उचला, शांत झाला की झोप लागायच्या आत पुन्हा खाली. पहिल्या रात्री याला पाऊण तास लागू शकतो. तीन रात्री झोप लागेपर्यंत थोपटा. पुढच्या तीन रात्री थोपटणं थांबवून नुसता हात. त्यापुढे हात काढून शेजारी बसा, मग हातभर लांब. हे काम बाबांनी किंवा आजीने केलं तर सोपं जातं, कारण आईच्या अंगाला दुधाचा वास असतो.

मध्यरात्रीसाठी एकच नियम : मागच्या दुधाला तीन तास झाले नसतील तर आधी पाच मिनिटं थोपटून बघा, ऐकलंच नाही तर पाजा. तीन तास झाले असतील तर वाट न बघता पाजा.

फसतं कुठे? चौथ्या रात्री. तीन रात्री नेटाने झाल्या, चौथ्या रात्री झोपवताना अर्धा तास रडला, आजीला बघवलं नाही, पाजलं. बाळ यातून शिकतं की पुरेसा वेळ रडलं की मिळतं, आणि पाचवी रात्र पहिलीहून कठीण जाते. म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांचं एकमत करा. ताप, लसीचा दिवस, गावाला जाणं असेल तर सरळ थांबवा. त्यात हार नाही, बरं वाटलं की पुन्हा पहिल्या पायरीवरून.

खोलीत एकटं रडू देण्याची, ठरावीक मिनिटांनी डोकावायची पद्धत सहा महिन्यांआधी नको. सहा महिन्यांनंतर ती वापरलेल्या मुलांचा ऑस्ट्रेलियात सहा वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेतला गेला. त्यांच्यात आणि इतर मुलांत ना नुकसान दिसलं ना कायमचा फायदा. म्हणजे ती क्रूर नाही, आणि जादूही नाही. पण एका खोलीत चौघं झोपतात आणि भिंतीपलीकडे शेजारी, अशा घरात ती टिकत नाही. वर सांगितलेली हळूहळूची पद्धत पाच-सहा दिवस जास्त घेते, पण निम्म्यावर सोडली जात नाही, म्हणून आमचं झुकतं माप तिला.

कामावर जाऊ लागल्यावर एक नवीन गोष्ट होईल. काही बाळं दिवसा आई नसताना जेमतेम पितात आणि रात्री वसूल करतात. हे सवयीचं नाही, खऱ्या भुकेचं उठणं आहे. तुम्ही घरी आल्याबरोबर एकदा आणि झोपेच्या क्रमात एकदा, अशी संध्याकाळी दोन पोटभर पाजणी ठेवा. काढून ठेवलेलं दूध साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, उन्हाळ्यात मात्र बाहेर ठेवूच नका. ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटली तोंडात देऊन झोपवण्याची सवय पाळणाघराने लावली तर आत्ता सोडवलेली गाठ पुन्हा बसेल, आणि दात आल्यावर पुढचे दात किडतील ते वेगळंच.

प्रश्न : दहा महिन्यांच्या मुलाला रात्रीच्या बसप्रवासात झोप लागावी म्हणून सर्दीचं औषध अर्धा चमचा दिलं तर चालेल का? आजी बाळगुटी मधात उगाळून देते, तीही झोपेला चांगली म्हणतात. — बुलढाणा

दोन्ही नको. सर्दीच्या औषधाने येणारी गुंगी म्हणजे झोप नव्हे. लहान मुलांचा श्वास मंदावू शकतो आणि काही मुलं उलट सैरभैर होतात. सर्दीच्या एका नेहमीच्या मिश्रणावर, म्हणजे क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन, ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असं छापणं केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बंधनकारक केलं.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, बोटाला लावूनही नाही. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊन स्नायू लुळे पडू शकतात. गुटीबद्दल बोलायचं तर किती वेढे उगाळले हा हिशोब हाताच्या जोरावर, सहाणेवर जंतू, आणि झोप आणणारी म्हणून जी मुळी नावाजली जाते तिचा डोस कोणालाच माहीत नसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पाळीवर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी देत. त्यांच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. तुम्ही बसमध्ये त्याला पोटभर पाजा, नेहमीचं दुपटं जवळ ठेवा, एवढं पुरे.

प्रश्न : मुलगा दोन वर्षांचा. रात्री साडेअकराशिवाय झोपत नाही. मिस्टर साडेनऊला घरी येतात, मग दोघांची मस्ती, मग जेवण. दहा वाजता दिवे घालवले तर तास-दीड तास लोळतो, पाणी मागतो, शू म्हणतो, गोष्टी मागतो. सकाळी नऊला उठतो, दुपारी चार ते साडेसहा झोपतो. जूनमध्ये शाळा साडेआठची. — डोंबिवली

तुमच्याच पत्रात उत्तर आहे. साडेसहाला उठलेल्या दोन वर्षांच्या मुलाला पुढे पाच तास तरी झोप येत नाही. साडेसहा अधिक पाच, साडेअकरा. मुलगा हट्टी नाही, घड्याळाप्रमाणे चालला आहे. दहाला दिवे घालवून होतं एवढंच की तो गादीवर दीड तास जागा राहायला शिकतो, आणि गादी म्हणजे मागण्यांची जागा होते.

या वयाला दिवसभरात ११ ते १४ तास लागतात. रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसात दहा तास, आणि दुपारी दीड तास, एवढं गाठायचं आहे. सुरुवात रात्रीपासून नव्हे, सकाळपासून करा. रात्रीची वेळ ढकलून मागे आणता येत नाही, सकाळची उठवून आणता येते.

आधी पाच दिवस सकाळी आठला उठवा, रविवारीही. लगेच गॅलरीत किंवा खाली पंधरा-वीस मिनिटं उजेडात. दुपारची झोप एकच्या सुमाराला आणा आणि अडीचला उठवा. पहिले तीन-चार दिवस संध्याकाळी रडारड होईल, ती निभवा, पण रिक्षात, गाडीत पाच मिनिटांची डुलकीसुद्धा लागू देऊ नका. संध्याकाळी सहाची पाच मिनिटं रात्रीचा तास खातात.

रात्री सुरुवातीला झोपायची वेळ मुद्दाम साडेअकराच ठेवा. हो, साडेअकराच. म्हणजे गादीवर पडला की पंधरा मिनिटांत झोप लागेल. तसं लागोपाठ दोन रात्री झालं की पंधरा मिनिटं अलीकडे. पुन्हा दोन-तीन रात्री, पुन्हा पंधरा मिनिटं. अर्ध्या तासात झोपला नाही तर पुढच्या रात्री तीच वेळ ठेवा. साडेअकरावरून साडेनऊ म्हणजे आठ पायऱ्या, तीन आठवडे गृहीत धरा. सकाळची वेळही त्याबरोबर आठवरून साडेसातवर आणा.

आता बाबांचं काय? साडेनऊला लोकलमधून उतरून आलेल्या माणसाला ‘मुलाशी खेळू नका’ म्हणणं आमच्याने होणार नाही. पण घोडा-घोडा आणि उडवाउडवी सकाळी साडेसातला ठेवा, रात्री बाबांनी घ्यायचं ते झोपवण्याचं काम : दात घासणं, शू, एक ग्लास पाणी, दोन पुस्तकं, दिवा बंद. मुलाचं जेवण आठला उरकलेलं असावं. टीव्ही आणि मोबाइल झोपेआधी तासभर बंद, आणि घरचे मालिका बघत असतील तर बैठकीच्या खोलीचं दारही बंद. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ मध्ये दोन वर्षांखाली पडदा शून्य आणि दोन ते पाच वयाला दिवसात जास्तीत जास्त एक तास असं सांगितलं आहे. तो तास जेवतानाचा नको नि झोपेआधीचाही नको.

पाणी-शू-गोष्टीच्या मागण्या क्रमातच आधी पुरवून टाका. त्यानंतर ‘आणखी एकदा’ असं एकच मागणं मान्य, त्यासाठी एक सुपारी किंवा बटण हातात द्या, ते दिलं की संपलं. दोन वर्षांच्या मुलाला हा व्यवहार चांगला कळतो.

प्रश्न : चौदा महिन्यांची मुलगी सकाळची झोप कधी घेते, कधी नाही. बंद करू का? — गोवा

घाई करू नका. दोनाची एक झोप बहुतेक मुलांची १५ ते १८ महिन्यांच्या दरम्यान होते. सलग दोन आठवडे सकाळची झोप नाकारत असेल किंवा तिच्यामुळे दुपारची उडत असेल तरच बदला, आणि तेव्हा दुपारची झोप बाराच्या सुमाराला घेऊन रात्रीची वेळ महिनाभर अर्धा तास अलीकडे आणा.

प्रश्न : तीन वर्षांची मुलगी रात्री अकराच्या सुमाराला किंचाळत उठते. डोळे उघडे, घामाघूम, मला ओळखत नाही, हात लावला तर ढकलते. दहा मिनिटांनी आपोआप झोपते, सकाळी काही आठवत नाही. दातही खाते. घरात दृष्ट काढतात, जंताचं औषधही दिलं. — नागपूर

ही झोपेतली भीती आहे, स्वप्न नव्हे. गाढ झोपेतून वर येताना शरीर अर्धं जागं होतं, मन झोपलेलंच राहतं. म्हणून ती झोप लागल्यावर एक ते तीन तासांत येते, तर वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात आणि मूल जागं होऊन आईला बिलगतं. तुमच्या मुलीला त्या दहा मिनिटांचा त्रास होत नाही, तो सगळा तुम्हाला होतो. हलवू नका, तोंडावर पाणी मारू नका, ‘काय झालं’ विचारू नका. पलंगावरून पडणार नाही, दाराकडे धावणार नाही एवढं बघा.

कारण बहुतेक वेळा अपुरी झोप असते : शाळा सुरू होऊन दुपारची झोप सुटलेली, किंवा ताप. रात्रीची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या. आठवडाभर वेळा लिहून ठेवा. रोज साधारण त्याच वेळी होत असेल तर त्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी तिला हलकेच चाळवा, कूस बदलेल इतपतच, आणि दोन ते चार आठवडे रोज हे करा. मात्र एका रात्रीत अनेकदा, मिनिट-दोन मिनिटांचे झटके येत असतील, अंग ताठ होत असेल, एकाच बाजूचा हात-पाय उडत असेल तर मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवा.

दृष्ट काढायला आमची ना नाही. फक्त रात्री अकराला दिवे लावून नको, आणि मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकून धूर तिच्या खोलीत नको. संध्याकाळी काढा.

दात खाणं म्हणजे जंत, ही समजूत सरसकट खरी नाही. लहान मुलांत ते सर्रास दिसतं आणि बहुधा आपोआप थांबतं. झोप मोडणारे जंत निराळे, रात्री शीच्या जागी खाज आणणारे दोऱ्यासारखे पांढरे कृमी. तसं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी परत, आणि नखं कापायची. अंगणवाडीत १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनी मिळणारी गोळी एक ते दोन वर्षांना अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि दोन वर्षांपुढे पूर्ण ४०० असते. आत्ताच दिली असेल तर पुन्हा देऊ नका.

प्रश्न : अडीच वर्षांचा मुलगा रात्रभर घोरतो आणि गादीभर फिरतो. ‘गाढ झोप लागते’ म्हणून घरचे खूश आहेत. — कोल्हापूर

घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण नाही. सर्दी नसताना आठवड्यात तीन-चार रात्री घोरत असेल, तोंड उघडं ठेवून, मान मागे टाकून झोपत असेल, मध्येच श्वास थांबून मग मोठ्याने ओढत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नाकामागच्या गाठी वाढल्या असण्याची शक्यता मोठी. जाताना दोन मिनिटांचं चित्रण घेऊन जा, दवाखान्यात कोणी झोपून दाखवत नाही.

गादीभर फिरणं, पाय झाडणं यामागे पुष्कळदा लोह कमी असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, म्हणजे हे दुर्मीळ नाही. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही, तपासून घ्या, कारण हिमोग्लोबिन बरं असतानाही साठा रिकामा असू शकतो. दिवसातून अर्धा-पाऊण लिटर दूध पीत असेल तर तेही कारण आहे. दुधाने पोट भरतं, त्यात लोह जवळपास नसतं.

प्रश्न : डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाहून पुण्याला येतोय, मुलगी वीस महिन्यांची. मागच्या वेळी दहा दिवस रात्रभर जागी होती. मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्या द्याव्यात का? — सॅन होजे

या वयाला स्वतःच्या मनाने नको. गमीमध्ये, म्हणजे चघळायच्या गोळ्यांत, छापल्याहून कमी-जास्त मात्रा निघते. हिवाळ्यात फरक साडेतेरा तासांचा, म्हणजे दिवस जवळपास उलटाच. निघण्याआधी वेळ थोडी थोडी सरकवून उपयोग नाही.

पोचल्या दिवसापासून पुण्याचं घड्याळ धरा. सकाळी साडेसातला उठवून अर्धा तास उन्हात, जेवणं इथल्या वेळेला, दुपारची झोप एक, दोन तासांत उठवायचीच. याच क्षणी सगळे नातेवाईक म्हणतील, ‘झोपू दे ना, दमलीये बिचारी.’ तिथे ऐकलंत की रात्र गेली. रात्री दोनला उठेल, कारण तिच्या पोटाला दुपारचे साडेबारा वाजलेत. मऊ वरण-भात झाकून ठेवा, मंद दिव्यात भरवा, गादीवरच चित्रांचं पुस्तक, तासाभराने पुन्हा क्रम : पाणी, अंगाई, दिवा बंद. टीव्ही नाही, बैठकीच्या खोलीत नेणं नाही. चार-पाच रात्री असंच चालेल, मग जाग पहाटेकडे सरकते.

भेटायला येणाऱ्यांना पहिले चार दिवस सकाळी अकरानंतर बोलवा. संध्याकाळी पाच ते सात ती पेंगते आणि नेमकी त्याच वेळी घरात पंधरा माणसं असतात. तेवढे दोन तास तिला खाली उतरवून बागेत फिरवायचं काम आजोबांना द्या.